पुढाऱ्याचे शील

पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रवाशास टेंभुर्णी हे गाव मुख्यतः एक नाका म्हणून ठाऊक असते. येथून पंढरपूर, कुर्डुवाडी आणि करमाळा या बाजूंचे रस्ते फुटतात. वारकरी, बाजारकरी, उसाच्या गाड्या आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराचे ताफे, सारे येथूनच जातात. अशा गावी बातमी लवकर पोहोचते आणि मत त्याहूनही लवकर बनते. पुढाऱ्यांविषयी बोलणे निघाले म्हणजे एक प्रश्न येथे, आणि येथेच का, महाराष्ट्रातील कोणत्याही गावी हमखास ऐकू येतो: माणूस कसा का असेना, काम करतो की नाही?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माढा तालुक्याचा हा मुलूख मूळचा कमी पावसाचा. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले, त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसापाठोपाठ साखर कारखाने आले. १९७२ च्या दुष्काळात ज्याने आपल्या बापास खडी फोडताना पाहिले, त्याला शेतात पाटाचे पाणी आणून देणाऱ्या माणसाच्या खाजगी वर्तनाची चौकशी करावीशी वाटत नाही, हे स्वाभाविकच आहे. आपण सुशिक्षित मंडळी घरबसल्या नळाचे पाणी पिऊन नीतीची चर्चा करतो, तेव्हा एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही मनात येते, की आपल्या घरांत मुलीसाठी स्थळ आले म्हणजे नुसती पदवी आणि पगार पाहून कोणी अक्षता टाकीत नाही. मुलाचे वळण कसे, वडीलधाऱ्यांशी बोलणे कसे, व्यवहारात हात कितपत चोख, याची चार ठिकाणी चौकशी होते. दुकानावर मुनीम ठेवावयाचा तरी तीच गोष्ट. मग पाच वर्षांसाठी राज्याची तिजोरी ज्याच्या हवाली करावयाची, त्याच्याविषयी ‘खाजगी ते खाजगी’ असे म्हणून स्वस्थ बसणे चमत्कारिक नव्हे काय? येथवर नीतिवाद्यांचे म्हणणे मला पटते. परंतु घरचे माप जसेच्या तसे राज्यकारभारास लावू गेले म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे, आणि तो आपल्या वर्गास फारसा सुखकर नाही.

१७४० च्या आरंभी पेशव्यांच्या घरी रघुनाथरावांची मुंज आणि चिमाजी आप्पांचे पुत्र सदाशिवराव यांचा विवाह अशी दोन मंगलकार्ये निघाली. थोरले बाजीराव हजर असतील तर आम्ही पौरोहित्य करणार नाही, असा पवित्रा पुण्याच्या ब्रह्मवृंदाने घेतला. कारण अर्थातच मस्तानी. ज्या पुरुषाने १७२८ साली पालखेडास निजामाला जेरीस आणले आणि १७३७ साली मराठी घोडी दिल्लीच्या वेशीपर्यंत नेली, तो पोटच्या मुलाच्या मुंजीस परका ठरला. एकाहून अधिक बायका असणे हा त्या काळी दोष मानला जात नसे. खटकत होता तो मस्तानीचा जन्म. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले.

आणि ज्या मुलाच्या मुंजीचे पावित्र्य इतक्या कसोशीने राखले, तो मुलगा म्हणजे राघोबादादा! स्नानसंध्या व अनुष्ठाने यांत दादासाहेबांची चूक काढण्याची सोय नव्हती. पराक्रमही थोडाथोडका नव्हता. १७५८ साली मराठ्यांचे झेंडे अटकेपार गेले ते त्यांच्याच मोहिमेच्या ओघात. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचा पुतण्या नारायणराव, अवघ्या अठरा वर्षांचा पेशवा, शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारला गेला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीअंती दोषी ठरविले ते याच कर्मनिष्ठ काकांना.

आचार आणि शील या दोन गोष्टींची आपण फार दिवसांची गल्लत करीत आलो आहोत. बाजीरावांचा दोष, तो दोष मानलाच तर, आचाराचा होता. राघोबांचा शीलाचा, सांभाळावयास दिलेले माणूस त्यांच्याकडून सांभाळले गेले नाही. पुढाऱ्याच्या बाबतीत पाहावयाचे ते हे दुसरे. आपल्या मालकीचे नाही, पण आपल्या हवाली केलेले आहे, त्याच्याशी हा मनुष्य कसा वागतो?

म्हणूनच घरातील सर्व दोष ‘खाजगी’ या एका सदरात टाकणे मला मान्य नाही. कोणी परजातीत लग्न केले, कोणाचा संसार मोडला, कोणी देवपूजा करीत नाही, ही त्याची आणि त्याच्या घरची बाब. परंतु जो पुढारी बायकोवर हात उगारतो, धाकट्या भावजयीचा वाटा गिळतो, घरी राबणाऱ्या गड्याची मजुरी बुडवितो, त्याची सत्ता वाढली म्हणजे स्वभाव बदलेल असे समजण्यास काय आधार? त्याच्या तावडीत सापडणाऱ्यांची संख्या तेवढी वाढते.

बारभाईंची निवड या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लढाईचा आणि कारभाराचा अनुभव असलेला पुरुष समोर उभा होता. ‘काम करतो की नाही’ एवढीच कसोटी असती तर दादासाहेबांस तोड नव्हती. तरी नाना फडणीस, सखारामबापू आदी मंडळींनी त्यांस नाकारले आणि एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या तान्ह्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली. या मंडळींच्या मनात निव्वळ न्यायबुद्धीच होती असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येकाचा स्वार्थही होताच. निवडीची किंमतही जबर पडली. दादा इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ च्या सुरतेच्या तहाने युद्धाला तोंड फुटले आणि ते मिटावयास १७८२ चा सालबाईचा तह उजाडला. नीती नेहमी स्वस्त पडते असे कोणी सांगू लागला तर त्याला हा हिशेब दाखवावा.

आता आपल्या काळाकडे वळू. बॅरिस्टर अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कामाचा झपाटा विरोधकही कबूल करीत. निराधारांना दरमहा साहाय्य देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्या कारकिर्दीतली. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हेही १९८१ साली त्यांच्याच अमदानीत झाले. त्या दिवसांत सिमेंट दुर्मिळ होते आणि ते सरकारी वाटपाने मिळे. त्यांच्या प्रतिष्ठानास मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी काढला आणि अंतुल्यांस पद सोडावे लागले. फौजदारी खटल्यात त्यांस शिक्षा झाली नाही. पुढे कुलाब्याच्या मतदारांनी त्यांस लोकसभेवर पाठविले, केंद्रात ते मंत्रीही झाले. मतदारांनी काम पाहिले, असे याचे समर्थन करता येईल. परंतु देणगी देण्याची ज्याची ऐपत नव्हती, आणि ज्याचे घर सिमेंटवाचून अर्धे राहिले असेल, त्याने काय पाहावे? पुढारी काम करतो हे खरे. कोणाचे करतो, हेही विचारले पाहिजे.

याच्या उलट उदाहरणासाठी टेंभुर्णीकरांस लांब जावयास नको. माढा लोकसभा मतदारसंघात टेंभुर्णीबरोबरच सांगोला तालुकाही मोडतो. तेथून गणपतराव देशमुख विधानसभेवर अकरा वेळा निवडून गेले. पहिल्यांदा १९६२ साली आणि शेवटी २०१४ साली, वयाची पंचाऐंशी उलटल्यावर. पक्ष शेतकरी कामगार, म्हणजे बहुतेक काळ विरोधी बाकांवरचा. १९७८ आणि १९९९ साली मंत्रिपद मिळाले, तरी राहणी बदलली नाही, एस. टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखीत असे. ३० जुलै २०२१ रोजी ते वारले.

पण त्यांची नुसती आरती ओवाळून भागणार नाही. टेंभुर्णीच्या बाजूस कालव्याचे पाणी खेळू लागल्यावरही सांगोला कित्येक वर्षे कोरडाच होता. त्याला कृष्णेचे पाणी आणावयाचे ते कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून उपसून. (नावाच्या सारखेपणामुळे हे टेंभू आणि आपली टेंभुर्णी यांची पुष्कळांची गल्लत होते.) त्या पाण्यासाठी गणपतराव वर्षानुवर्षे झगडले, तरी ते यावयाचे तेव्हाच आले. सत्तेच्या पंगतीत बसणारा आमदार असता तर पाणी लवकर आले असते काय? कदाचित आले असते, आणि ते आधी कोणाच्या बांधावर गेले असते हा पुढचा प्रश्न. सांगोल्याच्या मतदारानेही त्यांना डोळे मिटून मते दिली नाहीत. १९७२ आणि १९९५ साली त्यांस घरी बसविले. २०१९ साली त्यांच्या नातवासही तेथे पराभव पत्करावा लागला. आजोबांचे शील नातवाच्या खाती आपोआप जमा करावयास मतदार तयार नव्हता, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. उमेदवार हा ज्याचा त्याने पारखावयाचा असतो.

पारखताना कुटाळकीपासून मात्र सावध राहावे. बाबा महाराजांच्या इस्टेटीचे विश्वस्त या नात्याने लोकमान्य टिळक ताईमहाराज प्रकरणात सापडले, आणि १९०३ साली शपथेवर खोटे बोलल्याबद्दल त्यांस शिक्षाही झाली. १९०४ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा मूळ वाद तर १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलात निकालात निघाला. मधल्या काळात त्यांच्या चारित्र्याविषयी जे बोलले गेले, त्यावर विसंबून मत बनविणारा मनुष्य साफ फसला असता.

आजच्या मतदाराच्या हाती निदान काही कागद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी आणि पुन्हा १३ मार्च २००३ रोजी निर्णय दिल्यापासून प्रत्येक उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले, शिक्षण, कर्ज आणि स्वतःची, पत्नीची अथवा पतीची व अवलंबितांची मालमत्ता शपथेवर जाहीर करावी लागते. खटले असलेला उमेदवार का निवडला, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावीत, आणि ‘निवडून येईल’ एवढेच कारण पुरेसे धरले जाणार नाही, असा आदेश त्याच न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी दिला. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. पूर्वी उभ्या राहिलेल्या उमेदवाराची मागील दोन-तीन निवडणुकांची पत्रे काढावीत, बैठकीत शेजारी शेजारी मांडावीत आणि घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या सुनेच्या हाती द्यावीत. आमदाराच्या मानधनातून पाच वर्षांत केवढी जमीन घेता येते, ते ती पेन्सिलीने समासात मांडून दाखवील.