‘पटिसङ्खा योनिसो’ : सोसणे आणि समजून सोसणे

पावसाळ्यात मांडवा येथे एका धम्मवर्गासाठी आम्ही गेलो होतो. समुद्र खवळल्याने लाँच बंद होत्या. पेण-अलिबागमार्गे वळसा घ्यावा लागला. वर्गात एका उपासिकेने विचारले, “भगवंतांनी सहन करायला सांगितले, तर बाबासाहेबांनी संघर्ष करायला का सांगितले?” या शंकेचे निरसन एका पालि क्रियाविशेषणात आहे.

‘योनि’ म्हणजे उगमस्थान. त्यापासून ‘योनिसो’ म्हणजे मुळापासून, यथोचित रीतीने. अट्ठकथाकार बुद्धघोष त्याचा अर्थ ‘उपायाने, मार्गाने’ असा लावतात. ‘पटिसङ्खा’ म्हणजे विचार करून, पारखून.

मज्झिमनिकायातील सब्बासवसुत्तात आसवांच्या प्रहाणाचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांपैकी ‘अधिवासना’ म्हणजे सहन करणे. थंडी, ऊन, भूक, तहान, डासांचे दंश, कठोर शब्द आणि शरीरवेदना भिक्खू सहन करतो. परंतु ‘पटिसङ्खा योनिसो’. पुढे ‘परिवज्जना’ येते : पिसाळलेला हत्ती, साप, काटेरी जागा तो टाळतो, तेही ‘पटिसङ्खा योनिसो’. त्यानंतरच्या ‘विनोदना’त तर काम, व्यापाद व विहिंसा यांचे वितर्क तो सहनच करीत नाही, तेथेही हेच शब्द आहेत. म्हणजे स्वीकार आणि नकार या दोहोंवर एकाच विवेकाची सत्ता आहे. मराठीतील ‘निमूटपणे’ हा शब्द येथे मुळीच लागू पडत नाही.

याच जिल्ह्यातील महाड पाहा. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून अन्याय्य बंदी नाकारली. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा त्यांनी अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. डिसेंबर 1927 मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला. हजारो सत्याग्रही सज्ज असतानाही त्यांनी विचारविनिमय करून सत्याग्रह स्थगित केला. ही शरणागती नव्हती. खटला चालू राहिला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

बंदी सोसली नाही, द्वेषालाही थारा दिला नाही, विलंब मात्र समजून स्वीकारला. या तिन्ही गोष्टी ‘योनिसो’ घडल्या, असे आम्हांस वाटते.

म्हणून कोणी सोसण्याचा उपदेश करील, तेव्हा उपासकांनी आधी विचारावे : हे दुःख पावसासारखे आहे, की माणसाने लादलेले? पहिल्यासाठी धीर हवा, दुसऱ्यासाठी उपाय. आणि दोन्ही वेळी मन द्वेषमुक्त हवे.