वहीवर वाकलेली मान

स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी भाव, कर, वाहतूक आणि तेजी-मंदी यांची चर्चा होत असते, व ती व्हावयासच पाहिजे. तथापि ज्या शरीराच्या जोरावर हा सारा व्यवहार चालतो, त्याचा ताळेबंद मांडण्याचा प्रघात आपल्यात नाही. त्यांतही मान व खांदा यांच्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. ते दुखू लागले म्हणजे ‘वय झाले’ असे म्हणून खाते बंद करण्याची आपली रीत आहे. ही रीत किती महाग पडते, हे आमच्या पेढीने एकदा पाहिले. ती हकीकत सांगावी, व तिच्या अनुषंगाने घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या शुश्रूषेविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, दुकानदार आहे. जे लिहिले आहे ते जाणत्यांना विचारून व सोसून शिकलेले आहे.

आमचे घराणे मूळचे परभणीकडील. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता; त्यामुळे आजोबांनी बेगम बाजारात दुकान घातले तेव्हा ते परप्रांती गेले असे कोणास वाटले नाही. त्यांच्याबरोबर गावाकडून जे दिवाणजी आले, त्यांचे चिरंजीव पुढे वडिलांच्या जागी बसले. आम्ही मुले त्यांनाही ‘दिवाणजी’ असेच म्हणत असू. भिंतीला टेकून गादी, पुढे उतरत्या झाकणाचे बैठे डेस्क, त्यावर लाल कापडी बांधणीची लांबट वही, आणि तिच्यावर वाकलेले दिवाणजी, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढे चाळीस वर्षे हलले नाही. रोजकीर्द लिहावी, तीवरून खतावणी करावी, उधारीच्या याद्या काढाव्यात, आणि दिवाळी जवळ आली म्हणजे रात्री अकरापर्यंत मान वर करू नये. त्यांचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते. रकमेचे आकडे असे एकाखाली एक उतरत, की बेरीज घेणाऱ्याचे बोट सरळ खाली घसरत जावे.

लेखनिकांची ही व्याधी केवळ आपल्याच बाजारातील आहे असे नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या वैद्याने निरनिराळ्या धंद्यांतील रोगांवर १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला व १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. तीत कुंभार, खाणकामगार इत्यादींच्या जोडीला लेखनिकांचाही विचार आहे. सतत बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि हिशेब चुकू नये म्हणून मनावर येणारा ताण, ही तीन कारणे त्याने सांगितली आहेत. आपल्याकडे सुश्रुताने मान जखडण्याच्या विकारास ‘मन्यास्तंभ’ म्हटले व त्याच्या कारणांत दिवसा झोपणे आणि वेडेवाकडे बसणे यांचा समावेश केला. दुपारी गादीवरच लोडावर डोके टेकून डुलकी घेणाऱ्या आपल्या बंधूंनी ह्याची नोंद घ्यावी.

मनुष्याचे डोके सुमारे पाच किलो वजनाचे असते. ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेले राहील तोवर स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत; पण ते पुढे झुकले की भार वाढत जातो. न्यूयॉर्कमधील एका शल्यविशारदाने २०१४ साली गणित मांडून दाखविले, की मान साठ अंशांनी वाकली म्हणजे मणक्यांवर सुमारे सत्तावीस किलोंचा ताण येतो. म्हणजे हल्ली बाजारात येणाऱ्या तांदळाच्या पिशवीहूनही अधिक. प्रत्यक्ष शरीरात हा आकडा थोडा पुढे-मागे होईल. परंतु अशी पिशवी मानेवर घेऊन दिवसभर वही लिहिण्यास आपण हमालासही सांगणार नाही.

आता दिवाणजींची गोष्ट. १९९७ च्या सुमारास त्यांची मान दुखू लागली. खांद्यावर रुमाल टाकून ते स्वतःच चोळीत बसत, आणि कोणी विचारले तर हसत. पुढे दुखणे कमी झाले, म्हणून आम्हीही निश्चिंत झालो. ह्याच सुमारास वहीत शाईचे डाग पडू लागले. आकडे ओळ सोडू लागले. सात आणि नऊ यांत घोटाळा होऊ लागला. वडिलांनी एकदोनदा समज दिली. एका व्यापाऱ्याच्या खात्यावर रक्कम चुकीची चढली, तेव्हा चार माणसांदेखत त्यांना बोललेही. दिवाणजींनी मान खाली घातली व एवढेच म्हणाले, “शेठजी, हात माझे ऐकत नाही.” हे वाक्य आम्ही सर्वांनी ऐकले. त्याचा अर्थ मात्र कोणी लावला नाही. त्यांच्या हाताखाली एक तरुण कारकून नेमण्यात आला, व पुढच्या दिवाळीपासून मुख्य वही त्याच्याकडे गेली. दिवाणजी मालाच्या नोंदी पाहू लागले. तेथेही ते उंबऱ्याला अडखळत. सदऱ्याची बटणे लावावयास त्यांना नातवाची मदत लागते, हे घरच्यांनी फार उशिरा सांगितले.

शेवटी एके दिवशी जिन्यात पडले, तेव्हा शहरातील एका मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली. मानेतील मणक्यांची वाढलेली हाडे व सरकलेली चकती यांनी मज्जारज्जू दाबला गेला होता. डॉक्टरांनी विचारले, “हे केव्हापासून?” कोणास सांगता येईना. तेव्हा वडील घरी आले, मागील चार वर्षांच्या वह्या काढल्या आणि पाने शेजारी शेजारी ठेवली. उत्तर तेथे होते. अडीच वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर अक्षर मोठे झाले होते, मग वाकडे, मग तुटक. त्या वह्यांतील प्रत्येक आकडा आम्ही तपासला होता. अक्षर कोणी पाहिले नव्हते. शस्त्रक्रिया झाली व रोग पुढे सरकावयाचा थांबला. परंतु गेलेली बोटांची चपळाई पुरती परत आली नाही. वडील पुढे कित्येक महिने दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसत. काय बोलत ते माहीत नाही.

वाचकांनी ह्यावरून घाबरून जाऊ नये. बैठ्या कामाने दुखणाऱ्या दहा मानांपैकी बहुतेक सर्व केवळ स्नायू आखडल्याने दुखतात व थोड्या आठवड्यांत बऱ्या होतात. परंतु मज्जारज्जूवर दाब येतो तेव्हा वेदना पुष्कळदा थोडीच असते, आणि म्हणूनच निदानास वर्ष-दोन वर्षे निघून जातात. हाताला बधिरता, बोटांतून वस्तू निसटणे, बटण अथवा साडीची निरी न जमणे, अक्षर बिघडणे, चालताना तोल जाणे, लघवीची घाई होणे, ह्यांपैकी काहीही वृद्ध माणसात नव्याने दिसल्यास त्याच आठवड्यात दाखवावे. पडल्यानंतर मान दुखत असेल, ताप असेल किंवा वजन घटत असेल तरीही वाट पाहू नये. आणि डावा खांदा दुखून घाम फुटला, छाती भरून आली किंवा दम लागला, तर बाम शोधण्यात वेळ न दवडता १०८ ला दूरध्वनी करावा. ही सेवा २००५ साली ह्याच शहरातून सुरू झाली.

खांद्याचा दुसरा विकार आपल्या घरांतून फार आढळतो, तो म्हणजे खांदा गोठणे. आयुर्वेदात ‘अवबाहुक’ म्हणतात तो साधारण हाच. हात मागे जात नाही, वर होत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मधुमेह असलेल्यांना तो इतरांहून पुष्कळ अधिक होतो. आणि आपल्या समाजात मधुमेहाची काय स्थिती आहे हे लग्नसमारंभात साखरेविना चहा मागणाऱ्यांची संख्या पाहिली म्हणजे कळते. हा विकार बहुधा आपोआप सुटतो, पण त्याला एक ते तीन वर्षे लागतात. दुखते म्हणून हात अगदी गळ्यात बांधून ठेवला तर तो अधिक आखडतो. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढावी. सोसेल तेथे थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढावी. अशा माणसास सदरा घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी व काढताना शेवटी, एवढे घरातल्यांनी लक्षात ठेवले तरी रोजचे एक कण्हणे वाचते.

शेकाने बरे वाटते. दहा-पंधरा मिनिटे पुरे. परंतु मधुमेही वृद्धांच्या त्वचेस उष्णता पुरती कळत नाही, त्यामुळे पिशवी आधी शेकणाऱ्याने आपल्या मनगटावर लावून पाहावी. हलक्या हाताने तेल चोळण्यास हरकत नाही. मात्र केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान ‘कडकन’ मोडून घेण्याची जी हौस आहे, ती वृद्धांनी तर सर्वथा सोडावी. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. वेदनाशामक गोळ्या हाही असाच घातक लाड. औषधांच्या दुकानातून आणून मनाने घेतलेल्या ह्या गोळ्या मूत्रपिंडास व जठरास इजा करतात, रक्तदाब वाढवितात. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. मानेचा पट्टाही डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस घालावा. कायम घातल्याने स्नायू दुर्बळ होतात.

घराच्या मांडणीकडेही पाहावे. रोज लागणारी बरणी आजीच्या डोक्यावरच्या फळीवर असेल तर दोष आजीच्या खांद्याचा नाही. तिला लागणाऱ्या वस्तू कंबर ते खांदा ह्या उंचीत आणाव्यात. भरली बादली उचलावयास लावू नये. उशी इतकीच जाड असावी की कुशीवर निजले असता मान पाठीच्या रेषेत राहील. दोन उशा म्हणजे रात्रभर वही लिहिण्यासारखेच. सामायिकास खाली बसता येत नसेल तर खुर्चीवर बसण्यात संकोच मानू नये.

वह्या गेल्या, संगणक आला. २०१७ पासून जीएसटीची विवरणे भरताना आमची सूनबाईही तशीच वाकलेली दिसते, तेव्हा जुनेच चित्र नव्या चौकटीत पाहिल्यासारखे वाटते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. मांडीवरच्या संगणकाखाली जुन्या वह्या रचल्या तरी चालते. त्यांचा एवढा उपयोग अजून आहे. दुहेरी भिंगाचा चष्मा लावणारे ज्येष्ठ खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतात व मान मागे दुमडतात. त्यांनी संगणकाकरिता वेगळा चष्मा करून घ्यावा. भाव घेताना दूरध्वनी खांदा व कान यांच्यात दाबून दोन्ही हातांनी लिहिण्याची आपली जी कसरत आहे, ती तर बंदच करावी. आणि दोन घटकांनी, म्हणजे एका सामायिकाएवढ्या अठ्ठेचाळीस मिनिटांनी, उठावे. दुकानाच्या दारापर्यंत जावे, खांद्याचे पंखे मागे एकमेकांकडे ओढावेत, हनुवटी सरळ मागे घ्यावी, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवावी. वृद्धांनी मान गोल गोल फिरवू नये; भोवळ येते.

वडील गेल्यावर आमच्या घरी एक प्रथा पडली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वहीच्या पहिल्या पानावर घरातील प्रत्येक ज्येष्ठाने स्वहस्ते चार ओळी लिहावयाच्या, व मागील वर्षाचे पान शेजारी ठेवून आम्ही ती पाहावयाची. गेल्या दिवाळीस आत्याबाईंचे अक्षर जरा मोठे व तिरके दिसले. दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन गेलो. चष्म्याचा नंबर बदलला होता, एवढेच निघाले. आणि नाहक पाडवा वाया घालविला म्हणून त्या माझ्यावर रागावल्या.