चला, मालगाड्या बघायला!

मंडळाच्या मागच्या बैठकीत ‘यंदाची सहल मालगाड्या बघायला’ असं आम्ही म्हटलं, तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले. मग एका वहिनींनी विचारलं, “बघायला म्हणजे? बसायला नाही?” नाही वहिनी, नुसतं बघायला. खुर्च्या टाकायच्या, डबे उघडायचे आणि गाडीची वाट बघायची. “एवढ्यासाठी दीड तास गाडी हाकायची?” हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर बैठकीत नीट देता आलं नाही, म्हणून हा लेख.

हे खूळ आम्हाला बाबांमुळे लागलं. बाबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते, उभा जन्म मालगाड्यांवर काढला. दोन वर्षांपूर्वी ते सहा महिन्यांसाठी इकडे आले आणि तिसऱ्या आठवड्यातच गप्प गप्प राहू लागले. आपल्याकडे आलेल्या बहुतेक आई-वडिलांचं हे होतंच. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. “इथे माणसं राहतात का रे?” हे त्यांचं रोजचं वाक्य.

एका संध्याकाळी फाटकाशी अडकलो. मालगाडी संपेचना. आम्ही घड्याळ बघत चरफडत होतो आणि बाबा काच खाली करून मोजत होते. “एकशे अठरा,” ते म्हणाले. आणि मग, “गार्डाचा डबा कुठाय?”

तो डबा इथे १९८०च्या दशकात गेला. आता शेवटच्या डब्याच्या कपलिंगला एक पेटी अडकवलेली असते. तिचा लाल दिवा लुकलुकतो आणि ब्रेकच्या नळीतल्या हवेचा दाब ती रेडिओवरून इंजिनाला कळवते. हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आमची नोकरी त्या पेटीने खाल्ली.” (भारतात गार्ड अजून आहेत, पण २०२२ पासून त्यांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. बाबांना हे नाव मुळीच आवडत नाही.)

पुढच्याच शनिवारी त्यांना रोशेलला नेलं. शिकागोच्या पश्चिमेला साधारण ऐंशी मैलांवर, आय-८८ ने सरळ जायचं. लहानसं गाव, पण तिथे युनियन पॅसिफिकचे दोन रूळ बीएनएसएफच्या दोन रुळांना जमिनीवरच छेदतात. पूल नाही, बोगदा नाही. एक गाडी गेल्याशिवाय दुसरीला जाता येत नाही. या छेदाला इथे ‘डायमंड’ म्हणतात आणि त्यावरून चाकं जाताना जो खडखडाट होतो तो पोटात जाणवतो. गावाने १९९८ साली तिथे बागच केली. छपराचा मंडप आहे आणि ड्रायव्हर-कंट्रोलरचं रेडिओवरचं बोलणं स्पीकरवर ऐकू येतं. प्रवेश फुकट!

मालगाडीला छापील वेळापत्रक नसतं, हे आधीच सांगून ठेवतो. कधी तासात पाच गाड्या, कधी तासभर काहीच नाही. म्हणून निदान चार तास हाताशी ठेवून जा. रेडिओकडे कान आणि सिग्नलकडे डोळा असला की पाच-दहा मिनिटं आधी कळतं. युनियन पॅसिफिकचे रूळ पूर्व-पश्चिम आहेत, तेव्हा फोटोसाठी दक्षिणेकडून उभं राहा. ऊन पाठीशी राहतं.

त्या दिवशी एका गाडीच्या मागेही इंजिन होतं. बाबा म्हणाले, “बँकर लावलाय. पण घाट कुठाय इथे?” कसाऱ्याहून इगतपुरी चढताना मागून इंजिन लावतात, ते त्यांच्या डोळ्यासमोर. इथे जमीन तर पोळपाटासारखी. ते मागचं इंजिन पुढचा ड्रायव्हरच रेडिओने चालवतो, आत माणूस नसतो. लांब गाडीत सगळा ओढा पुढच्या कपलिंगवर येऊ नये आणि ब्रेक दोन्ही टोकांनी लवकर लागावेत, हा हेतू. बाबांनी खिशातून वही काढली आणि शिकागोकडे जाते ती अप, असं स्वतःच ठरवून नोंदी सुरू केल्या: वेळ, अप की डाउन, किती इंजिनं, किती डबे. प्रत्येक नोंदीच्या शेवटी लिहिलं, ‘गार्ड नाही’.

आमच्यासारख्या रसायनवाल्यांची मजा वेगळी. टाकीच्या डब्यांवर चौकोन कोनावर उभा केलेली पाटी असते, तिच्यावर चार आकडे. ते पाठ असले की गाडी वाचता येते. १००५ म्हणजे निर्जल अमोनिया, मक्याच्या शेतांचं खत. १०१७ क्लोरिन, १०७५ स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस, १८३० गंधकाम्ल. १९८७ दिसले की बहुधा आयोवा-नेब्रास्काच्या मक्यापासून केलेलं इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळायला निघालेलं. मुलांना चिठ्ठीवर आकडे लिहून द्या, दोन तास भांडणार नाहीत. आणि त्यांच्या ध्यानात येईल की आपल्या नळाच्या पाण्यातलं क्लोरिनही असंच कुठून तरी येतं.

कोळशाच्या गाड्यांची गोष्ट तर थेट रसायनशास्त्राची. वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या कोळशात गंधक कमी. आम्लवर्षा रोखण्यासाठी १९९० साली हवेचा कायदा कडक झाला, तेव्हा पूर्वेकडच्या वीजकेंद्रांना धुराडी धुण्यापेक्षा हजार मैलांवरून हा कोळसा आणणं स्वस्त पडलं, आणि या मार्गावर रूळ वाढवावे लागले. आता वीजकेंद्रं नैसर्गिक वायूकडे वळल्यामुळे कोळसा घटला आहे. त्याची जागा कंटेनर कशी घेतात ते रोशेलला बसून दिसतं. बाबांना दीपनगरच्या वीजकेंद्राचा कोळसा आठवला आणि सावदा-रावेरहून दिल्लीला जाणारी केळीही. त्या दुपारी ते महिन्याभराचं बोलले.

आता जे बैठकीत सांगितलं नाही ते. परतताना वाटेत एका फाटकाशी थांबलो. दोन रूळ, एकावरून गाडी चाललेली. आम्ही दोघं कॅमेऱ्यात डोकं घालून बसलो होतो. शेवटचा डबा गेला आणि आमचा धाकटा, तेव्हा सात वर्षांचा, रुळाकडची चकचकीत खडी उचलायला दांड्याखालून पळाला. दांडे अजून वर गेले नव्हते, दिवे चमकत होते, म्हणजे काय ते आम्हाला कळायला हवं होतं. बाबांनी त्याची कॉलर धरून मागे ओढलं, आणि गेलेल्या गाडीच्या आडून दुसऱ्या रुळावरची गाडी धडधडत आली. बाबा मुलाला रागावले नाहीत, आम्हालाही नाही. घरी आल्यावर रात्री एवढंच म्हणाले, “नोकरीत असं तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा दुसऱ्या रुळावरचीच गाडी होती.”

म्हणून या सहलीत काही गोष्टींना सूट नाही. फोटो बागेतून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून काढायचे. रुळांवर किंवा त्यांच्या कडेच्या जागेत जाणं गुन्हा आहे. भरधाव मालगाडीला थांबायला मैलभर तरी लागतो, तेव्हा ड्रायव्हरने पाहिलं तरी उपयोग नाही. दांडे पूर्ण वर गेल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दर चार मुलांमागे एक मोठा माणूस, त्याच्या हातात कॅमेरा नसलेला. फाटकाजवळ निळी पाटी असते, तिच्यावर फोन नंबर आणि त्या फाटकाचा क्रमांक. गाडी रुळावर बंद पडली तर आधी सगळ्यांनी उतरून लांब पळायचं, मग त्या नंबरवर फोन.

रोशेल जमलं तर पुढच्या मार्चमध्ये नेब्रास्काचा विचार आहे. शिकागोहून नॉर्थ प्लॅट साडेसातशे मैल, तेव्हा जाता-येता एकेक मुक्काम. वाटेत आयोवात बून गाव लागतं. तिथे १८८१ साली वादळी रात्री ओढ्यावरचा पूल वाहून गेला, तेव्हा आयर्लंडहून आलेल्या कुटुंबातली केट शेली ही शाळकरी वयाची मुलगी डे मॉइन नदीचा पूल अंधारात रांगत ओलांडून गेली आणि तिने स्टेशनात खबर दिली. तिच्या नावाचा उंच पूल आजही गाड्या नेतो. गिबनपासून पुढे तीन रूळ आहेत, आणि मार्चमध्ये प्लॅट नदीवर क्रौंच लाखोंनी उतरतात, म्हणजे ज्यांना गाड्यांचा कंटाळा येईल त्यांचीही सोय. नॉर्थ प्लॅटचं बेली यार्ड आठ मैल लांब आहे, मालगाड्या तोडून-जोडून लावायचं जगातलं सगळ्यात मोठं. ते वरून बघायला २००८ साली मनोरा उघडला. बाबा फेब्रुवारीत परत येताहेत. त्यांनी फोनवर मनोऱ्याचे मजले विचारून घेतले. आठ आहेत आणि लिफ्ट आहे.

रोशेलला ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठला निघायचं. पार्किंग मर्यादित, तेव्हा एका व्हॅनमध्ये दोन कुटुंबं. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मंडळाकडून. खुर्च्या, टोप्या, कानात घालायला कापूस आणि एक वही प्रत्येकाने आपापली आणावी.