बॅटरी भरल्यावर ऊन कुठे जाते? घरच्या छोट्या सोलरच्या उरलेल्या विजेचा हिशेब

उन्हाळ्यात वस्तीत फिरताना एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो : "दुपारी साडेबारालाच बॅटरी फुल होते. मग पुढची वीज जाते कुठे?"

पत्र्यावर एक पॅनेल, कोपऱ्यात बॅटरी, भिंतीवर इन्व्हर्टर अशी व्यवस्था आता आपल्या अनेक घरांत आणि विहारांत दिसते. बहुतेकांनी ती हप्त्यांवर किंवा वर्गणीतून उभी केली आहे. त्यामुळे फुकट जाणारी वीज लोकांना बोचते, आणि ते योग्यच आहे. मग कोणी सांगते, दुसरी बॅटरी घ्या. कोणी सांगते, वीज कंपनीला विका. पैसे खर्च करण्यापूर्वी आधी हिशेब करू.

हिशेब काय सांगतो?

४०० वॅटचे एक पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण दीड युनिट वीज देते. रात्री ९ वॅटचे तीन दिवे पाच तास, कमी विजेवर चालणारा ३० वॅटचा पंखा आठ तास आणि दोन मोबाइल एवढे धरले, तर इन्व्हर्टरमधली घट मिळून खर्च होतो सुमारे अर्धा युनिट. बॅटरीत परत भरताना थोडी घट आणि दिवसाचा पंखा धरला, तरी एकूण खर्च पाऊण-एक युनिटच्या आतच राहतो. म्हणजे रोज अर्धा-पाऊण युनिट उरतो.

पण 'उरतो' म्हणजे कुठे साठून राहतो असे नाही. बॅटरी भरली की चार्ज कंट्रोलर पॅनेलकडून वीज घेणे कमी करतो आणि बॅटरी भरलेली राहील एवढाच प्रवाह चालू ठेवतो. यालाच 'फ्लोट' म्हणतात. उरलेली वीज तयारच होत नाही, पॅनेल फक्त थोडे जास्त तापते. म्हणून प्रश्न बॅटरीचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. ही वीज दुपारची आहे आणि ती दुपारीच वापरावी लागते.

आधी ही एक सेटिंग तपासा

आपल्याकडचे बरेच इन्व्हर्टर लाइनच्या विजेवरही बॅटरी चार्ज करतात. पहाटे लाइनने बॅटरी भरून ठेवली, तर सकाळच्या उन्हाला कामच उरत नाही. वीज बिलही भरायचे आणि ऊनही वाया घालवायचे, असा प्रकार होतो. इन्व्हर्टरमध्ये सोलरला प्राधान्य देण्याची सोय असेल, तर वायरमनकडून ती चालू करून घ्या. काही घरांत 'उरलेल्या विजेचा' निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

दुपारची कामे दुपारी

फ्लोटचा दिवा लागला की कामाला लागा. मोबाइल, पॉवर बँक, लॅपटॉप, चार्जिंगचे कंदील आणि टॉर्च याच वेळी लावा. मिक्सरचे वाटण दुपारी उरका. तीनशे वॅटचा लहान राइस कुकर असेल, तर इन्व्हर्टरची क्षमता पाहून तोही लावता येतो.

नियम दोनच. पहिला, पॅनेल त्या वेळी देते आहे त्याहून जास्त भार सलग लावायचा नाही. ४०० वॅटच्या पॅनेलकडून भर दुपारी प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास वॅट मिळतात. मिक्सरसारखा भार दोन-चार मिनिटे चालतो, पण तासभर नाही. बारा व्होल्टच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीचा आकडा फ्लोटमध्ये साधारण साडेतेरा ते पावणेचौदाच्या दरम्यान असतो. भार लावल्यावर तो तेराच्या खाली उतरू लागला, की बॅटरी खर्च होते आहे असे समजा आणि भार कमी करा. दुसरा, तीन वाजता ही जादा कामे थांबवा, म्हणजे सूर्य मावळताना बॅटरी भरलेली असेल.

पाणी तापवण्याचा मोह अनेकांना होतो. दहा लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतो, म्हणजे तेवढी वीज आपल्याकडे उरते. पण बाजारातला हजार-दीड हजार वॅटचा रॉड छोट्या इन्व्हर्टरवर लावायचा नाही. तो झेपणार नाही, आणि झेपला तरी बॅटरीच रिकामी करेल. काळ्या रंगाचे झाकलेले पिंप उन्हात ठेवले तर पाणी विजेशिवायही कोमट होते.

दुसरी बॅटरी की विक्री?

रात्री वीज पुरत नसेल तरच दुसऱ्या बॅटरीचा विचार करा. रात्रीचा खर्च अर्धा युनिटच असेल, तर दुसरी बॅटरीही भरून नुसती बसून राहील. जुन्या बॅटरीला नवी जोडली तर नवीही लवकर खराब होते.

विक्रीसाठी, म्हणजे नेट मीटरिंगसाठी, वेगळा इन्व्हर्टर, दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर आणि वीज कंपनीची मंजुरी लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण त्यासाठी वीज जोडणी आणि हक्काचे छप्पर लागते. गायरानावरचे घर, भाड्याची खोली, आजोबांच्या नावावरचे मीटर असलेली माणसे या दारातच अडतात. उरलेली वीज विकण्याचा हक्कही शेवटी जागेच्या मालकीपाशी येऊन थांबतो. ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीच्या प्रश्नांच्या यादीत घ्यायला हवी.

तोवर एक गोष्ट मात्र कोणीही करू नये : इन्व्हर्टरची वीज घरच्या सॉकेटमधून उलटी लाइनमध्ये सोडणे. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. शेजाऱ्याला उघडी वायर ओढून देणेही तितकेच धोक्याचे आहे.

वायर नको, कंदील द्या

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांकडे विजेचेही धोरण होते. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, अशी भूमिका त्यांनी १९४३ मध्येच मांडली. 'मुबलक' हा शब्द वस्तीपर्यंत न्यायचा, तर घरोघरची ही अर्धा-पाऊण युनिट वीज मोजायला हवी.

पाच वॅटचा कंदील चार तास जळायला, चार्जिंगमधली घट धरूनही, सुमारे ३० वॅट-तास लागतात. म्हणजे एका घरच्या उरलेल्या अर्ध्या युनिटवर पंधरा कंदील भरतात. दुपारी ज्यांच्याकडे सोलर आहे तिथे कंदील चार्ज करायचे आणि संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत न्यायचे. परीक्षेच्या दिवसांत, नेमकी संध्याकाळी लाइन जाते तेव्हा, याचे मोल कळते.

विनयपिटकात आनंदांची एक कथा आहे. राजा उदेनाने विचारले, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांची पांघरुणे, त्यांची पुढे गादीची आवरणे, मग बैठका, पायपुसणी, फडकी, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमिनीला लिंपू. त्या उत्तरात वाटप सर्वांत आधी येते.

हे सारे उन्हाळ्याचे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, तेव्हा आभाळ भरलेले असते आणि उरण्यासारखे काहीच नसते. त्या तीन महिन्यांत दिवे आधी, पंखा नंतर, बाकी सगळे बंद असा क्रम ठरवावा लागतो. म्हणून आताच एक वही करा. आठवडाभर बॅटरी किती वाजता भरते आणि सकाळी व्होल्ट किती असतात, एवढेच लिहा. किती वीज वाटता येईल आणि पावसाळ्यात किती जपावी लागेल, याचा अंदाज तिथूनच येईल.