चौकट: करातून पुनर्विकास आणि गावाची हरकत

मादन हिप्परगा: आळंद तालुका, कलबुर्गी जिल्हा. ग्रामपंचायतीचा कारभार कर्नाटकच्या १९९३च्या पंचायत राज कायद्यानुसार.

पैसा कुठून येतो?
- स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, परवाना शुल्क.
- केंद्राचा: १५व्या वित्त आयोगाचे (२०२१-२६) अनुदान. ६० टक्के बंधित, फक्त पाणी व स्वच्छतेसाठी. ४० टक्के अबंधित, पण पगार व आस्थापना खर्च वर्ज्य.
- प्रादेशिक: कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ. आधार कलम ३७१-जे (९८वी घटनादुरुस्ती). बीदर, कलबुर्गीसह सात जिल्हे.

हरकत कुठे घ्यायची?
- वॉर्ड सभा: प्रभागातील मतदारांची.
- ग्रामसभा: गावातील सर्व मतदारांची. कर्नाटकात किमान सहा महिन्यांतून एकदा. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार.
- जमाबंदी: कर्नाटकातील पंचायतींची वार्षिक तपासणी. मागील वर्षाचे हिशेब गावासमोर, कामांची जागेवर पाहणी.
- माहिती अधिकार (२००५): अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिले यांच्या प्रती. केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

फरक लक्षात घ्या
- हरकत म्हणजे स्थगिती नव्हे. स्थगिती न्यायालय किंवा सक्षम अधिकारी देतो.
- कामाला विरोध आणि कर थकवणे वेगळे. थकबाकीची सक्तीने वसुली होऊ शकते.

शहरातील उदाहरण: पुण्याचा मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्प. लांबी ४४ किमी, भूमिपूजन मार्च २०२२. वृक्षतोडीविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांचे 'चिपको' आंदोलन. 'आधी नदी स्वच्छ करा, मग सुशोभीकरण' ही आक्षेपकांची मागणी.