सोडून देणं म्हणजे नेमकं काय?

इच्छा गळून पडल्या की मृत्यूचं भयही ओसरतं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती तपासावी असं सहसा कुणाला वाटत नाही. संशोधक शॉन निकोल्स आणि सहकाऱ्यांनी तिच्या जवळची एक समजूत तपासली: ‘मी’ कायमचा नाही हे पटलं की मृत्यूचं भय कमी होतं. ‘कॉग्निटिव्ह सायन्स’मध्ये २०१८ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात भारतात राहणारे तिबेटी बौद्ध भिक्षू होते, ‘मी’ असं कायमचं काही नसतं, ही तर त्यांची शिकवणच. तरीही स्वतःचं अस्तित्व पुसलं जाण्याची भीती त्यांच्यात हिंदू आणि ख्रिस्ती सहभागींपेक्षा जास्त आढळली. यावर रास्त आक्षेप असा, की यातले बहुतेक भिक्षू दीर्घकाळ ध्यान करणारे नव्हते. म्हणजे साधना निष्फळ ठरते असं यातून सिद्ध होत नाही. पण तत्त्व पटणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र स्पष्ट दिसतं.

मग मनाला आधार कशाचा? कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांचं २००३ मधलं संशोधन मला इथे फार मोलाचं वाटतं. त्यांनी इच्छामात्राचा त्याग तपासला नाही, तर आवाक्याबाहेर गेलेल्या ध्येयांचा पाठलाग थांबवण्याची क्षमता तपासली. ती ज्यांच्यात होती त्यांचं मानसिक स्वास्थ्य अधिक चांगलं होतं. कॅन्सरग्रस्त मुलांच्या पालकांमध्येही ध्येयं बदलू शकणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं कमी होती. ही पळवाट नाही का, असं कुणी विचारेल. नाही, कारण याच संशोधनात नव्या, अर्थपूर्ण ध्येयाकडे वळण्याची क्षमताही तितकीच महत्त्वाची ठरली आहे.