वणवा आणि वनराई

बंगळूरच्या पूर्वेस दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात होसकोटे वसले आहे. कानडीत होसकोटे म्हणजे नवा कोट. बंगळूर व कोलार यांच्याबरोबर हा मुलूखही एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता. त्यामुळे मराठी कानांस हे नाव परके नाही. गावचा तलाव विस्तीर्ण आहे. परंतु फाल्गुन उजाडला की भोवतालचे माळ वाळून जातात आणि विडीच्या एका थोटकानेही गवत पेट घेते. माळावरचा असा जाळ घटकाभरात विझतो. तोच अरण्यात शिरला म्हणजे काय होते, हे याच कर्नाटकातील बंडीपूरने २०१९ साली पाहिले.

१९७३ साली व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झालेले हे अरण्य उत्तरेस कबिनी आणि दक्षिणेस मोयार यांच्या दरम्यान पसरले आहे. आधीच्या वर्षी ईशान्य मोसमी पावसाने पाठ फिरवली होती. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात वणवा भडकला आणि गोपालस्वामी बेट्टाचा परिसर काळाठिक्कर पडला. अखेर हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन धावली. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जळालेले क्षेत्र सुमारे १०,९०० एकर भरले.

अशा आगीत हत्ती, वाघ बहुधा निसटतात. मरतात ती लहान, संथ आणि मुकी जीवसृष्टी. जमिनीवरची अंडी, सरडे, कासवे, कीटक आणि उद्याचे वृक्ष होणारी रोपे तीत भस्म होतात. जाड सालीचे साग-ऐन तगतात. पण त्यांचा वंश पुढे चालवणारे कोणी उरत नाही. पालापाचोळ्यातील नत्र धुरावाटे निघून जातो आणि उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्यांत वाहते. कबिनी पुढे कावेरीस मिळते आणि बंगळूर नगरीची तहान कावेरीच भागवते, हे ध्यानात घेतले म्हणजे रानाची राख शहराच्या घागरीपासून फार दूर नाही, हे कळून येते.

मग प्रत्येक ठिणगी विझवावी, हाच उपाय काय? प्रश्न इतका सरळ नाही. त्याच जिल्ह्यातील बिळिगिरीरंगन टेकड्यांत राहणारे सोलिग लोक पूर्वी उन्हाळा तापण्याआधीच पाचोळ्याला हलका जाळ लावीत. त्याला ते ‘तरगु बेंकी’ म्हणत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही चाल बंद पडली. पुढे घाणेरीचे रान माजले, आणि आग बंद झाल्यामुळेच ते माजले, असे सोलिगांचे म्हणणे आहे. एकोणिसाव्या शतकात शोभेचे झुडूप म्हणून परदेशातून आणलेली ही घाणेरी आज या अरण्यांची मोठी व्याधी आहे. तिच्या वाळक्या फांद्या शिडीसारख्या असतात. जमिनीवरचा जाळ त्यांवरून शेंड्यापर्यंत चढतो. आणि वणवा ओसरला की बुंध्यातून प्रथम फुटते तीही घाणेरीच! गवत मागे पडते, आणि हरणांचा चारा हटतो.

या दुष्टचक्रास आता तापत्या हवेची जोड मिळाली आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पाऊस लांबला तर हीच तहानलेली हवा पानापानांतून ओल शोषून घेते. आपल्या देशात ठिणगी बहुधा माणसाच्याच हातची असते. तिचा वणवा व्हावा की न व्हावा, हे मात्र रानातील ओल आणि साठलेले सरपण ठरवते. ऑस्ट्रेलियात २०१९-२०च्या वणव्यांनी सुमारे तीन अब्ज प्राण्यांना मृत्यू वा विस्थापन भोगावे लागले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शिवाय जळालेल्या झाडांतील कार्बन हवेत मिसळून उष्मा आणखी वाढवतो, तो वेगळाच.

२०११ साली सोलिगांचे त्या टेकड्यांवरील सामुदायिक वनहक्क मान्य झाले. हक्कांबरोबर त्यांचे ज्ञानही वनरक्षणाच्या कामी यावे, हे शहाणपणाचे ठरेल. जाळपट्टे वेळेवर साफ करणे, घाणेरी उपटणे आणि योग्य ऋतूत, योग्य जागी, जाणत्यांच्या हातून हलका जाळ लावून पाहणे, ही कामे पौष-माघातली आहेत. चैत्रात हेलिकॉप्टर येते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.